शेठसाठी बार्लीचं पाणी

अंबादासशेठनी माझ्या दारूच्या लायसन्सच्या फॉर्मवर सही केली नाही. बोलून उपयोग नव्हता. दुबईत त्या काळी बाटली विकत घ्यायची तर लायसन्स लागायचं, लायसन्सला कंपनीचा सही-शिक्का लागायचा, आणि आमची कंपनी म्हणजे अंबादासशेठ. एसीच्या डक्टिंगची कामं घेणारी साठेक माणसांची कंपनी, त्यात मी ड्रॉइंग काढणारा. शेठ मूळचे निफाडचे. स्वतः कडक निर्व्यसनी, आणि तो निर्व्यसनीपणा त्यांना स्वतःपुरता ठेवणं कधी जमलं नाही.

"चारुदत्त," फॉर्म वाचून ते म्हणाले होते, "तुझ्या आईला मी शब्द दिलाय, पोराला नीट ठेवीन म्हणून. ह्याच्यावर साइन करून मी त्यांना काय तोंड दाखवू?"

पोर तेव्हा एकेचाळीस वर्षांचं होतं. फॉर्म त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि परतही दिला नाही. ही सत्त्याण्णवची गोष्ट.

मला फार काही नको होतं. गुरुवारी संध्याकाळी, आठवड्याचं काम संपल्यावर, एक गार ग्लास. तेवढ्यासाठी अजमानला, जिथे लायसन्स विचारत नाहीत तिथे, जाऊन चोरून आणावं, तर अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटवर परतताना वाटेत शारजा, आणि शारजात कडक दारूबंदी, तिथे डिकीत बाटली सापडली तर पुढचं बोलायलाच नको. मग ऑफिसातला संजय मदतीला आला. संजय चार वर्षं सौदीत काढून आला होता. जिथे काहीच मिळत नाही तिथे माणूस काय काय शिकतो, ते त्याच्याकडे बघून कळायचं.

"सिंपल आहे," तो म्हणाला. "सुपरमार्केटमधलं माल्टचं ड्रिंक घ्यायचं, बिनदारूचं. त्यात साखर आणि पाव फुगवायचं यीस्ट. पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये ओत, तोंडाला फुगा बांध, फुग्याला टाचणीनं एक भोक पाड. फुगा फुगला म्हणजे काम चालू आहे. फुगा बसला, खलास, बाटल्या भर."

छायाला मी सांगितलं की हा एक छंद आहे. लोक तिकिटं जमवतात, मासे पाळतात, मी हे करणार. महिन्याला तीस दिरम, म्हणजे साडेतीनशे रुपये, एवढ्यात कुठला छंद होतो? माझ्या बायकोचा एक गुण आहे, ती आधी सगळं ऐकून घेते. ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, की बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना तो कॅन गार राहावा म्हणून दिवसरात्र जो एसी चालणार आहे, त्याचं बिल छंदात धरायचं की घरखर्चात? मी विषय बदलला.

स्वयंपाकघराशेजारच्या लहान बाथरूममध्ये शुभ्राच्या वाढदिवसाचा उरलेला गुलाबी फुगा डोलायला लागला. शुभ्रा आमची एकुलती एक. तिने दार उघडून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, व्हाय इज द बाथरूम हॅविंग अ पार्टी?" मी म्हटलं, सायन्स एक्सपेरिमेंट. ती म्हणाली, "इट स्टिंक्स." पहिल्या खेपेला खरंच पावाच्या भट्टीसारखा वास आला आणि चवही तशीच. दुसऱ्या खेपेला एक बाटली फुटली. तिसऱ्या खेपेला मात्र असा काही ग्लास भरला, सोनेरी, वर दोन बोटं फेस, की मी गॅलरीत उभा राहून एकटाच हसलो. आयुष्यात स्वतःच्या हातानं मी काही केलं असेल तर ते हे. ड्रॉइंग तर दुसऱ्यांच्या इमारतींची असतात.

भीती होतीच. लायसन्सशिवाय विकत घेणं गुन्हा, तर घरी करणं केवढा मोठा, ते विचारायलाही मी कुणाकडे गेलो नाही. पोलिसांपेक्षा शेठची धास्ती जास्त. त्यांना कळलं की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि महिन्याभरात गाशा गुंडाळून पुणं गाठायचं. नव्व्याण्णव साली तर शुभ्रा दहावीत होती, आणि माझा व्हिसा ऑक्टोबरात रिन्यू व्हायचा होता. त्या कागदावरही सही शेठचीच.

आणि नेमकी त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला आई दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाय धुवायला ती लहान बाथरूममध्ये शिरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "चारू, त्या कॅनला फुगा का लावलाय रे?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून जे पहिलं बाहेर पडलं ते बोलून गेलो. "बार्लीचं पाणी आहे, आई. मुतखड्यावर."

"तुला मुतखडा?"

"लहानसा."

खोटं एकदा बोललं की ते निभवावं लागतं. त्या दिवसापासून आमच्या घरात टोमॅटो बंद, पालक बंद, वांगी बंद. छायाने आणलेली काटेरी वांगी आईने शेजारणीला देऊन टाकली. रोज सकाळी उपाशीपोटी मला वाटीभर कुळथाचं कढण, बिनफोडणीचं, बिनमिठाचं. छाया समोर उभी राहून ओठ चावत हसू दाबायची. त्या कॅनवर मात्र आईचा जीव जडला. वास तिला अंबोळीच्या पिठासारखा वाटला, आणि आंबलेलं ते पोटाला चांगलं हे तिचं जन्मभराचं मत. तळाशी उरलेला यीस्टचा गाळ मी ओतून द्यायला निघालो तर तिने हात धरला. "विरजण कधी संपवू नये," ती म्हणाली, आणि वाटीत काढून, वर ताटली झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. सांगायला लाज वाटते, पण त्यानंतरची खेप आधीच्यापेक्षा चांगली उतरली.

आई आली म्हणून शेठच्या पत्नीने, सुलक्षणावहिनींनी, करामातल्या त्यांच्या घरून ड्रायव्हर हनीफबरोबर पुरणपोळ्यांचा डबा आणि थर्मास भरून कटाची आमटी पाठवली. त्यानंतर दोन दिवसांनी मी अबू धाबीच्या साइटवरून संध्याकाळी घरी आलो, तर आई खुशीत होती.

"सुलक्षणाची भांडी परत पाठवली हो. रिकामी नाही पाठवली."

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. पूर्वी घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर तरी घालायची.

"काय घातलंस?"

"डब्यात रव्याचे लाडू. आणि थर्मासात तुझं ते पाणी."

मी बुटांसकट सोफ्यावर बसलो.

"अरे, अंबादासला दोन दिवस कळा येतायत. मुतखडाच. डॉक्टरनं बार्लीचं पाणी सांगितलंय, पण सुलक्षणा करते ते त्याला गिळवत नाही, थुंकून टाकतो म्हणाली. मी म्हटलं, आमच्या चारूचं मुरलेलं असतं, ते देऊन बघ. दोन बाटल्या मावल्या बघ त्यात."

छाया दारात उभी होती, आणि पहिल्यांदाच तिला हसू येत नव्हतं. "फोन करून सांगूया का, पिऊ नका म्हणून?" तिने हळूच विचारलं. पण कारण काय सांगणार? आणि एव्हाना प्यायले असले तर? मी फोनकडे बघत बसलो. फोन वाजला नाही, हे चांगलं की वाईट तेही कळेना.

सकाळी ऑफिसात पोचलो तोच निरोप, शेठनी बोलावलंय. केबिनमध्ये गेलो.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लावलं. शुभ्राची दहावी, पुण्याला कुठल्या शाळेत मध्येच प्रवेश मिळेल, फ्लॅटचं डिपॉझिट, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. शेठनी गोळ्यांची एक लहान डबी टेबलावर ठेवली आणि उघडली. आत कापसावर तांदळाच्या कणीएवढा, काळपट, टोकेरी खडा होता.

"आज पहाटे पडला," शेठ म्हणाले. "एप्रिलपासून छळत होता साला. त्या थर्मासात काय होतं?"

"बार्लीचं पाणी, शेठ."

"बार्लीचं पाणी," ते म्हणाले. "हं. झाकण उघडताना आवाज करतं रे."

"मुरलेलं असतं ना."

"आंबूस लागतं. मागून कडू."

"औषधच ते, शेठ."

"ते खरं. औषध कडूच असतं." त्यांनी डबी बंद केली. "झोप काय लागली, हबीबी! दहा वर्षांत अशी झोप नाही. अजून आहे?"

"आहे थोडं."

"डॉक्टर म्हणाले अजून दोन खडे आहेत. संध्याकाळी हनीफला पाठवतो. गार करून दे."

मी बाहेर आलो आणि संजयच्या टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं. शेठना काही कळलं नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. पण चोराच्या मनात चांदणं. पुढचे कित्येक दिवस त्यांनी नुसतं "काय चारुदत्त" म्हटलं तरी मी हातातलं ड्रॉइंग टाकून उभा राहायचो.

आता हनीफ दिवसाआड यायला लागला, मग रोज. एका कॅनचे दोन झाले, दोनाचे तीन. बाथरूममध्ये तीन फुगे. शेठ साखरेची पोती पाठवायचे, आईच्या औषधाला म्हणून. एका गुरुवारी संध्याकाळी मी एक बाटली बाजूला काढून फ्रिजमागे लपवली, तीही आईने शोधली. "तुला कळा येतायत का? त्याला अजून दोन खडे आहेत," म्हणून तीसुद्धा थर्मासात गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती कुळथाचं कढण आलं. खरंच राग यायचा मला. ज्या माणसानं सही दिली नाही म्हणून मी हे सगळं मांडलं, तो रोज संध्याकाळी माझी बिअर पीत होता, आणि मी चोवीस तास शुद्धीवर.

वहिनी फोनवर छायाला सांगायच्या की ह्यांची चिडचिड एकदम कमी झाली आहे, संध्याकाळी सोफ्यावर बसून जुनी भावगीतं म्हणतात. "आईंच्या हाताला गुण आहे," असं त्या म्हणायच्या.

हा गुणच आमच्या मुळावर आला. त्या वर्षी गणपती तेरा सप्टेंबरला होते, आणि शुक्रवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची आरती आणि महाप्रसाद. मंडळाचे अध्यक्ष अर्थात अंबादासशेठ. परदेशात मराठी माणसाने व्यसनापासून दूर कसं राहावं ह्यावर त्यांचं दरवर्षी वीस मिनिटं भाषण व्हायचं, आणि मुलं तेवढ्या वेळात हॉलच्या मागे पकडापकडी खेळून घ्यायची. त्याआधीच्या रविवारी शेठच्या घरी तयारीची मीटिंग होती. मसालेभाताचं ठरलं, जिलेबीचं ठरलं, आणि वहिनी उभ्या राहिल्या.

"ह्या वर्षी सरबताऐवजी काहीतरी हेल्दी देऊया," त्या म्हणाल्या. "चारुभावजींच्या आईंनी ह्यांना बार्लीचं पाणी दिलं, आणि बघा, महिन्यात एवढा फरक! चारशे माणसं येतील, सगळ्यांना तेच. आणि स्टेजवर आईंचा सत्कार."

टाळ्या पडल्या. आई पदर सावरत लाजली. मी शेठकडे बघितलं. त्यांनी काहीतरी बोलावं, खर्चाचं कारण काढावं, नाही म्हणावं. शेठ समोरच्या ताटलीतल्या चिवड्यातला एकेक शेंगदाणा निवडत होते. मग मान वर न करता म्हणाले, "चारुदत्त बघेल काय ते."

चारशे माणसं. त्यात मुलं, म्हाताऱ्या, गणपतीसमोर, तेही शाळेच्या हॉलमध्ये. घरी येताना गाडीत मी छायाला म्हटलं, "शेठना सगळं खरं सांगून टाकतो. नोकरी गेली तर गेली, निदान तुरुंग तरी टळेल."

"गप गाडी चालवा," छाया म्हणाली. "लोकांना बार्लीचं पाणी पाहिजे ना? मग बार्लीचं पाणी करूया."

इतकं साधं उत्तर मला सुचलं नव्हतं. दीड महिना मी बिअरलाच बार्लीचं पाणी म्हणत आलो होतो, त्यामुळे तसं खरोखरच काही असतं हे मी विसरून गेलो होतो. गुरुवारी करामाच्या वाण्याकडून दहा किलो बार्ली आणली आणि छायाने मंडळाच्या पातेल्यांत ती शिजवून गाळली. लिंबू पिळलं, सैंधव घातलं. आई स्टुलावर बसून बघत होती.

"एवढंच असतं होय?" ती म्हणाली. "मग ते फुगे कशाला?"

छाया पातेल्यात डाव फिरवत राहिली. मी शुभ्राचा अभ्यास घ्यायला आत गेलो. दहा वर्षांत मी तिचा अभ्यास घेतला नव्हता. तीही म्हणाली, "बाबा, आर यू ओके?"

शुक्रवारी आरती झाली. आईला शाल आणि नारळ मिळाला, आणि वहिनींनी पहिला ग्लास सगळ्यांसमोर शेठच्या हातात दिला. माझं लक्ष त्या ग्लासावरून हलेना. रंग वेगळा होता, पांढुरका. रोज पिणाऱ्या माणसाला पहिल्या घोटात कळणार की हे ते नव्हे. मग तो विचारणार, ते नव्हे तर रोजचं ते काय? माइक त्यांच्या समोरच होता. आता नुसतं "हे वेगळं लागतंय" म्हणाले तरी आई तिथेच त्यांना कॅन, फुगे, विरजण सगळं समजावून सांगायला लागली असती.

शेठनी ग्लास नाकाशी नेला, वास घेतला. एक लहानसा घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि ज्या माणसाची बार्लीचं पाणी थुंकून टाकतो म्हणून ख्याती होती, त्याने अख्खा ग्लास घटाघटा रिकामा केला.

"उत्तम आहे," माइकमध्ये ते म्हणाले. "मुलांनाही द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि व्यसनमुक्तीवरचं भाषण सुरू केलं. ते ह्या वर्षी सहा मिनिटांत आटोपलं. मी एक शब्दही ऐकला नाही. त्यांना फरक कळला होता, एवढं मला कळलं होतं.

शनिवारी सकाळी बोलावणं आलं. दार मी न सांगता लावलं. शेठसमोर टेबलावर दोन कागद होते. एक माझ्या व्हिसाच्या रिन्यूअलचा. दुसरा कागद ओळखायला मला वेळ लागला, कारण त्यावरच्या फोटोत माझ्या डोक्यावर बरेच केस होते. माझा लायसन्सचा फॉर्म.

"परवा आम्हाला काय पाजलंस रे?" शेठनी विचारलं. मग बोटं मोजून म्हणाले, "परवा नाही, काल."

"बार्लीचं पाणी, शेठ."

"ते बार्लीचं पाणी होतं," शेठ म्हणाले. "एप्रिलपासून सुलक्षणा मला पाजतेय. त्याची चव मला कळत नाही होय?"

आता सगळं बाहेर येणार होतं, आणि खरं सांगायचं तर मला हायसंच वाटत होतं.

"मीटिंगमध्ये ती उठून बोलली ना, माझे तर हातपाय गार पडले," शेठ म्हणाले. "म्हटलं, हा बाबा आता खरंच कॅन भरून आणतो की काय! नाही म्हणायचं तर कारण काय देऊ? पाच दिवस जेवण गेलं नाही हबीबी. काल ग्लास तोंडाला लावला, ते बुळबुळीत पाणी जिभेला लागलं, आणि जीव भांड्यात पडला."

"म्हणजे शेठ, तुम्हाला..."

"पहिल्या घोटाला. अरे, मी निर्व्यसनी आहे, बिनडोक नाही."

त्यांनी पेन उघडलं आणि रिन्यूअलच्या कागदावर सही केली, शिक्का मारला. "घे. तीन वर्षं. शुभ्राची दहावी होऊ दे, बारावी होऊ दे. काळजी करू नकोस."

ह्या माणसाला मी महिनाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पेन अजून उघडंच होतं, म्हणून धीर करून मी दुसऱ्या कागदाकडे बोट केलं. "शेठ, आता ह्याच्यावरही केलीत तर... म्हणजे आपली दोघांचीही सोय होईल. रीतसर."

शेठनी फॉर्म उचलला, माझा फोटो बघितला, आणि कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवून किल्ली फिरवली.

"लायसन्स मिळालं की तू दुकानातून आणायला लागशील," ते म्हणाले. "मग घरी कोण करणार? आणि एकाला सही दिली की उद्या साठ जण येतील दारात. तत्त्व म्हणून काही आहे की नाही? यल्ला, जा. आणि आई पुढच्या आठवड्यात जातायत ना? ते विरजण छायाकडे नीट सोपवून जायला सांग."

संध्याकाळी हनीफ आला. आज त्याच्या हातात दोन थर्मास होते. मी दोन्ही ओट्यावर ठेवून उघडले, कारण रिकामं भांडं वहिनीही पाठवत नाहीत. एकात टोमॅटोचं सार होतं, ते आईने लगेच शुभ्राकडे सरकवलं. दुसऱ्यात कुळथाचं कढण होतं, काठोकाठ. वर वहिनींची चिठ्ठी होती: चारुभावजी, तुम्ही सगळं औषध ह्यांनाच देता, स्वतःच्या खड्याकडेही बघा. आता रोज पाठवत जाईन.